पाटी कोणाची?

शाळेला इमारत कोणी द्यावी, शिक्षकाला वेतन कोणी द्यावें, पुस्तकें कोणी छापावीं, या प्रश्नांचा ऊहापोह शिक्षणाच्या इतिहासांत विपुल झाला आहे. त्यांच्या शेजारींच एक लहानसा प्रश्न नेहमीं उभा असतो, आणि त्याच्याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. मुलानें शाळेंत येतांना घरून हातांत काय घेऊन यावें, हा तो प्रश्न. हातांत जें साधन असेल त्यावरून शिकविण्याची पद्धति ठरते आणि पुष्कळदां कोणत्या मुलानें शाळेंत टिकावें हेंहि ठरतें. आज हा प्रश्न मोबाईलच्या रूपानें पुन्हां घरोघरीं आला आहे. सरकारी कागदांत त्याला भ्रमणध्वनि म्हणतात; लोकांच्या तोंडीं तो मोबाईलच राहिला, तेव्हां येथेंहि तेंच नांव बरें. मुलांनीं आपापला मोबाईल वर्गांत आणून त्यावर शिकावें कीं नाहीं, याविषयीं शिक्षकांच्या बैठकींत आणि ग्रामसभांत वाद चालतो, तेव्हां दोन्ही पक्ष असें गृहीत धरतात कीं हा वाद अगदीं नवा आहे. खरें पाहतां तो महाराष्ट्रांतील शाळेइतकाच जुना आहे.

पेशवाईच्या अखेरीस आणि इंग्रजी अंमलाच्या प्रारंभीं आपल्याकडे ज्या शाळा होत्या, त्या पंतोजींच्या. शाळा म्हणजे इमारत नव्हे. एखाद्या वाड्याची पडवी, देवळाचा ओटा, नाहीं तर पंतोजींचें स्वतःचें अंगण. शाळेच्या मालकीची अशी वस्तु तेथें जवळजवळ नसे. पंतोजींची छडी सोडली तर सर्व साहित्य मुलांच्या घरचें. त्यांत मुख्य धूळपाटी. लाकडाची एक फळी घ्यावयाची, तिच्यावर विटेची किंवा तांबड्या मातीची बारीक भुकटी पसरावयाची, आणि टोंकदार काडीनें किंवा नुसत्या बोटानें अक्षर ओढावयाचें. अक्षर चुकलें तर फळीला हळूच धक्का दिला कीं धूळ पुन्हां सारखी होई आणि चुकीची खूणहि उरत नसे. हात वळला म्हणजे मग कागद, बोरू आणि दौत. पण जुन्नरी कागद महाग, म्हणून त्याचा मान फार पुढें मिळे. पाढ्यांना तर पाटीचीहि गरज नव्हती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हें सारें तोंडीं. सायंकाळीं घरीं परवचा म्हणतांना तें पक्कें होई.

या पद्धतींतील एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. फळी गांवच्या सुतारानें करून दिलेली आणि माती परसांतली, त्यामुळें सावकाराच्या मुलाची धूळपाटी आणि भिक्षुकाच्या मुलाची धूळपाटी यांत फारसा भेद नसे. परंतु साधन स्वस्त म्हणून शाळा सर्वांना खुली होती असा अर्थ कोणीं काढूं नये. धुळीला पैसे पडत नव्हते, तरी मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना त्या पडवींत जागा नव्हती. जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां जी भिंत त्यांना फोडावी लागली ती खर्चाची नव्हती. साधनाचा प्रश्न आणि प्रवेशाचा प्रश्न हे दोन निराळे आहेत, आणि त्यांची गल्लत तेव्हांहि झाली व आजहि होते.

धुळीवर लिहिण्याच्या या रीतीनें मध्यंतरीं एक मोठी समुद्रयात्राहि केली. मद्रास येथें इंग्रज शिपायांच्या अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्र्यू बेल नांवाचे एक पाद्री होते. त्यांनीं तेथील एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढतांना पाहिलीं आणि तीच रीत आपल्या शाळेंत आणली. तिच्या जोडीला, पुढच्या मुलानें मागच्या मुलाला शिकवावें ही युक्ति त्यांनीं घेतली. या प्रयोगाची हकीकत त्यांनीं १७९७ सालीं लंडनमध्यें छापली. जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळेंतहि लहान मुलांपुढें वाळूचे तबक आलें आणि गरीब मुलांच्या शिक्षणाची ही पद्धति इंग्लंडांत फैलावली. पुढें तीच पद्धति विलायती शिक्का घेऊन हिंदुस्थानांत परत आली आणि सुधारणा म्हणून तिचें स्वागत झालें. आपलीच वस्तु परदेशांतून आली म्हणजे तिची किंमत वाढते, हा अनुभव कांहीं आजचा नाहीं.

माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या आश्रयानें १८२२ सालीं शालोपयोगी पुस्तकें तयार करण्यासाठीं आणि शाळा काढण्यासाठीं मुंबईंत एक मंडळी स्थापन झाली. १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें प्रसिद्धीस आली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस होते आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे देशी चिटणीस. शिळाछापावर मराठी पुस्तकें निघूं लागलीं आणि मुलाच्या दप्तरांत प्रथमच अशी वस्तु आली, जी सुताराकडून किंवा परसांतून मिळत नव्हती. ती विकत घ्यावी लागे. तिच्या पाठोपाठ दगडी पाटी आली. वेल्समधील खाणींतील पाट्या जगभर जात. पुढें आंध्रांतील मार्कापूरच्या दगडाच्या पाट्यांनीं आपल्याकडील बाजार व्यापला.

दगडी पाटीनें शाळेंत जो फरक केला तो लहान नव्हता. धूळपाटीवर लिहिलेलें घरीं नेतां येत नसे. वाटेंत पाऊल अडखळलें कीं अक्षर गेलें. दगडी पाटीवर गुरुजींनीं घातलेलें गणित मुलगा घरीं घेऊन जाऊं शके आणि सोडवून दुसऱ्या दिवशीं दाखवूं शके. त्यामुळें घरच्या अभ्यासाला खरा प्रारंभ या पाटीनें झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु पाटी फुटत असे. लाकडी चौकटींतील पाटीला तडा गेला कीं घरांत बोलणीं बसत, आणि नवी पाटी येईपर्यंत मूल शेजाऱ्याच्या पाटीच्या कडेला लिही. तडा गेलेल्या अर्ध्या पाटीवर सबंध शाळा काढलेलीं माणसें सातारा-सांगलीकडे कालपरवांपर्यंत होतीं. शिक्षणाच्या साधनाची किंमत घरच्या मिळकतीवर पडूं लागली ती अशी.

या किमतीचा भार मुलाच्या डोक्यावरून उतरविण्याचे जे प्रयत्न या दक्षिण महाराष्ट्रांत झाले, ते देशांत अग्रेसर म्हणावे लागतील. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें आणि मोफत केलें, आणि मुलाला शाळेंत न पाठविणाऱ्या पालकाला दंडहि ठेवला. १९१९ सालीं भाऊराव पाटलांनीं कऱ्हाडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ सालीं साताऱ्यास त्यांनीं सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह काढलें. ज्याला पाटी-पुस्तक घेण्याची ऐपत नाहीं त्यानें कष्ट करून तें मिळवावें आणि संस्थेनें त्याला तशी संधि द्यावी, ही तेथील शिस्त. पुढें महाराष्ट्र राज्य झालें, २७ जानेवारी १९६७ रोजीं पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे बालभारती निघाली, आणि कालांतरानें पहिली ते आठवीच्या मुलांना पुस्तकें मोफत मिळूं लागलीं. पाटी कोणाची, या प्रश्नाला समाजानें दीडशें वर्षांनीं दिलेलें हें उत्तर होतें. मुलाच्या हातांत पुस्तक असणें ही त्याच्या बापाची नव्हे, सर्वांची जबाबदारी आहे, असें त्यानें ठरविलें.

मधल्या काळांत जीं यंत्रें शाळेंत आलीं, त्यांची गोष्ट थोडक्यांत सांगतां येते, कारण तीं मुलाच्या हातीं कधींच आलीं नाहींत. रेडिओ आला, सांगलीचें आकाशवाणी केंद्र १९६३ सालीं सुरू झालें. दूरचित्रवाणी आली, पुण्यास १९८४ सालीं बालचित्रवाणी निघाली आणि २०१७ सालीं ती बंद पडली. संगणक आले ते बहुधा कुलुपबंद खोलींत आले. हीं साधनें शाळेच्या मालकीचीं. तीं गुरुजींनीं उघडावीं, मुलांनीं ओळीनें बसून पाहावीं किंवा ऐकावीं. मुलाच्या दप्तरांतून जें येऊं पाहत होतें त्याला मात्र दारांतच अडविलें जाई. बॉलपेनानें अक्षर बिघडतें म्हणून कित्येक शिक्षकांनीं त्याला वर्षानुवर्षें दाराबाहेर ठेविलें. आंकडेमोडीचें छोटें यंत्र बाजारांत मुबलक झालें तरी मंडळाच्या परीक्षेंत त्याला मज्जाव राहिला आणि लॉगॅरिथमच्या कोष्टकाला मुभा राहिली. बॉलपेनाची भीति पुढें विरली, यंत्राची विरली नाहीं; आणि दोन्ही ठिकाणीं अनुभवानें दिलेला निकाल अगदींच चुकीचा होता असें म्हणवत नाहीं.

हिंदुस्थानांत मोबाईलवरून पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्यें झालें. तेव्हां येणाऱ्या हांकेलाहि पैसे पडत. शाळकरी मुलाच्या हातीं तें यंत्र येईल ही कल्पनाहि कोणीं केली नसेल. पंधरा वर्षांच्या आंत परिस्थिति इतकी पालटली कीं २००९ सालीं केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाला आपल्या शाळांतून मोबाईलला बंदी करण्याची सूचना काढावी लागली. त्या वेळच्या बंदीमागें गडबड, नक्कल आणि छायाचित्रांचा गैरवापर यांची भीति होती. यंत्रांतून शिकतां येईल ही शक्यता त्या वादांत फारशी कोठें दिसत नाहीं. पुढें स्पर्शानें चालणारे पडदे आले, आणि २०१६ च्या सप्टेंबरानंतर इंटरनेट इतकें स्वस्त झालें कीं गांवोगांवच्या पारावर तें पोहोंचलें.

या यंत्राला पुस्तकाशीं जोडण्याचें श्रेय महाराष्ट्रांत एका द्विशिक्षकी, चौथीपर्यंतच्या लहान शाळांच्या जगांतील माणसाकडे जातें. सोलापूर जिल्ह्यांतील माढा तालुक्यांत परितेवाडी नांवाची वस्ती आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत रणजितसिंह डिसले हे २००९ सालीं रुजू झाले, तेव्हां शाळेची इमारत मोडकळीस आली होती. दुकानांत मालावरची रेघांची पट्टी यंत्रापुढें धरली कीं किंमत उमटते, हें पाहून त्यांना सुचलें कीं धड्यावर अशीच खूण छापली तर ती मोबाईलपुढें धरतांच त्या धड्याची कविता ऐकूं यावी, चित्र हलावें, उदाहरण पुढें यावें. पुस्तकाच्या पानावर काळ्या चौकोनांची जी नक्षी आज दिसते आणि जिला क्यूआर कोड म्हणतात, ती त्यांनीं आपल्या मुलांच्या पुस्तकांवर प्रथम आणली. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांसाठीं स्वीकारली. त्याच वर्षीं ५ सप्टेंबर रोजीं केंद्र सरकारचें दीक्षा हें व्यासपीठ सुरू झालें आणि बालभारतीच्या पुस्तकांवरील खुणा त्याला जोडल्या गेल्या. ३ डिसेंबर २०२० रोजीं डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ हा दहा लाख डॉलरांचा पुरस्कार मिळाला आणि त्यांनीं त्यांतील अर्धी रक्कम अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून दिली.

या योजनेची खुबी पुष्कळांच्या ध्यानांत आली नाहीं. तिच्यांत पुस्तक हेंच मुख्य राहतें. मोबाईल नसला तरी पान वाचतां येतें. असला तर तेंच पान बोलूं लागतें. म्हणजे ज्याच्याकडे यंत्र नाहीं त्याच्या हातीं अगदीं कांहींच नाहीं अशी स्थिति होत नाहीं. शिवाय यंत्र मुलाचें नसून बहुधा त्याच्या आईबापांचें असतें, म्हणून धडा सायंकाळीं घरीं ऐकला जातो आणि ऐकणारीं माणसें दोन-चार असतात. जुन्या परवच्याची आठवण यावी अशीच ही व्यवस्था आहे.

परंतु २०२० च्या मार्चमध्यें शाळांचीं दारें बंद झालीं आणि हा क्रम उलटा झाला. आतां यंत्र मुख्य झालें आणि पुस्तक दुय्यम. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनें 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नांवानें रोजचा अभ्यास मोबाईलवर पाठविण्यास प्रारंभ केला. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठीं 'टिलीमिली' ही मालिका लागली. त्या वर्षाच्या अखेरीस 'स्वाध्याय' नांवाची प्रश्नमाला व्हॉट्सॲपवर येऊं लागली. सरकारनें, शिक्षकांनीं आणि संस्थांनीं जें करतां येण्याजोगें होतें तें बरेंचसें केलें, यांत शंका नाहीं. तथापि सांगलीलगतच्या माधवनगरासारख्या गांवाचा विचार केला म्हणजे अडचण कोठें होती हें स्पष्ट दिसतें. पुणें-मिरज लोहमार्गालगतची ही वस्ती; कोणी मागावर, कोणी बाजारपेठेंत, कोणी सांगली-मिरजेस कामाला जाणारा. अशा घरांत मोबाईल एक असतो आणि तो कमावत्या माणसाच्या खिशांत असतो. टाळेबंदी उठून माणूस पाळीवर गेला कीं पाटी त्याच्याबरोबर गेली. राहिलेल्या वेळांत तिसरीचा मुलगा, सहावीची मुलगी आणि दहावीचा थोरला यांनीं एकाच पाटीवर लिहावयाचें. आणि दहावीचें वर्ष महत्त्वाचें म्हणून धाकट्यांनीं वाट पाहावयाची. पूर्वीं पाटी फुटली तर शेजाऱ्याच्या पाटीच्या कडेला लिहितां येई. साथीच्या दिवसांत शेजारहि बंद होता.

याचें मोजमाप 'असर' या नांवानें निघणाऱ्या पाहणींत सांपडतें. ग्रामीण भारतांत शाळेंत नांव असलेल्या मुलांपैकीं २०१८ सालीं शेंकडा ३६.५ मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता. २०२० सालीं तेंच प्रमाण शेंकडा ६१.८ झालें आणि २०२१ सालीं ६७.६. दोन-तीन वर्षांत इतकी वाढ, आणि तीहि हलाखीच्या काळांत. यांतील कित्येक यंत्रें दागिना किंवा शेरडूं विकून आलीं असतील, हें ज्याला गांव ठाऊक आहे त्याला सांगावयास नको. परंतु त्याच २०२१ च्या पाहणींत असेंहि आढळलें कीं घरीं यंत्र असूनहि शेंकडा २६ मुलांना तें वापरावयास मिळतच नव्हतें. घरचें साधन आणि मुलाचें साधन यांत जो फरक आहे तो या एका आंकड्यांत दिसतो. धूळपाटी बाप कामाला नेत नसे.

या अडचणींतून ज्यांनीं वाट काढली त्यांतील एक उदाहरण सोलापूरचें आहे. तेथील नीलमनगर ही कष्टकऱ्यांची वस्ती. मुलांच्या घरीं यंत्रें नाहींत हें पाहून तेथील एका मराठी शाळेच्या शिक्षकांनीं घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगविले. अक्षरें, पाढे, व्याकरण, इंग्रजी शब्द, विज्ञानाच्या आकृत्या. मुलानें गल्लींत उभें राहून वाचावें आणि वहींत उतरावें. ज्यानें ही कल्पना काढली त्याला शिक्षणाचा इतिहास ठाऊक असो वा नसो, त्यानें दोनशें वर्षें मागें जाऊन पंतोजींची पडवी पुन्हां उभी केली. भिंत कोणाच्या खिशांत जात नाहीं आणि तिची वीज संपत नाहीं.

महाराष्ट्रांत नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून ठिकठिकाणीं उघडूं लागले. दुसऱ्या लाटेंत पुन्हां बंद पडले. आणि पहिली ते चौथीच्या मुलांना शाळेचें दार खरोखर दिसलें तें १ डिसेंबर २०२१ नंतर. जीं मुलें २०२० सालीं पहिलींत होतीं त्यांनीं गुरुजींचा हात धरून अक्षर गिरविलेंच नव्हतें. मुलें वर्गांत परत आलीं, पण यंत्र घरीं राहिलें आणि त्याची संवयहि राहिली. येथून वादाला नवें वळण लागलें. आतां प्रश्न असा झाला कीं, घरांत यंत्र आहे, मुलाला तें चालवितां येतें, तर तें वर्गांत आणून त्याचा उपयोग कां करूं नये?

उपयोग होतो, हें मान्य केलें पाहिजे. विज्ञानाच्या तासाला या यंत्राचें मोल विशेष आहे. काल मोजण्याचें, आवाज मोजण्याचें, उतार व त्वरण मोजण्याचें साधन त्याच्या पोटांत असतें. पूर्वीं यासाठीं प्रयोगशाळेंत शेंकडों रुपयांचीं उपकरणें लागत. जर्मनींतील आखेन येथील विद्यापीठानें २०१६ सालीं फायफॉक्स नांवाची योजना काढली व ती फुकट दिली. तिचा एक प्रयोग असा. पटांगणांत १० मीटर अंतरावर दोन मोबाईल ठेवावयाचे. पहिल्यापाशीं एका मुलानें टाळी वाजवावी. ती ऐकूं येतांच दोन्ही घड्याळें सुरू होतात, पण दूरचें किंचित् मागाहून. मग दुसऱ्यापाशीं दुसऱ्या मुलानें टाळी वाजवावी. त्याबरोबर दोन्ही बंद होतात, पण आतां पहिलें मागाहून. दोन घड्याळांतील फरक सुमारें ०.०६ सेकंद येतो. तेवढ्या वेळांत ध्वनि २० मीटर गेला असें धरून भागाकार करावा, म्हणजे ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर आहे हें मुलांच्या हातीं येतें. पुस्तकांतलें वाक्य पाठ करणें आणि दोन टाळ्यांतून तें वाक्य स्वतः शोधणें यांतील अंतर शिक्षकांना सांगावें लागत नाहीं. या प्रयोगाला सबंध वर्गांत यंत्रें लागतात फक्त दोन.

याच्या उलट टोंकाची युक्तिहि आहे. प्लिकर्स नांवाच्या पद्धतींत यंत्र एकट्या शिक्षकाजवळ असतें. मुलांच्या हातांत जाड कागदावर छापलेली चौकोनी खूण. प्रश्नाचें उत्तर अ, ब, क किंवा ड असेल त्याप्रमाणें कागद फिरवून वर धरावयाचा. शिक्षकानें मोबाईल वर्गावरून फिरविला कीं कोणाचें चुकलें, किती जणांचें चुकलें हें क्षणांत कळतें, आणि शेजारच्या मुलाला कळत नाहीं. चाळीस मुलांना चाळीस यंत्रें पाहिजेत हा आग्रह किती फोल आहे, हें या कागदाच्या तुकड्यावरून दिसून येतें.

तेव्हां यंत्र वर्गांत येणें ही गोष्ट वाईट नाहीं. वाईट आहे ती तें प्रत्येकाच्या घरून येण्याची सक्ति. ज्या दिवशीं शिक्षक म्हणतील कीं उद्यां आपापला मोबाईल आणा, त्या दिवशीं वर्गांत तीन रांगा होतील. एक ज्यांचें यंत्र भारी आहे त्यांची, दुसरी ज्यांनीं वडिलांचें मागून आणलें त्यांची, आणि तिसरी जी मुलें त्या दिवशीं शाळेंतच येणार नाहींत त्यांची. तिसरी रांग दिसत नाहीं, म्हणून तिचा हिशेब राहून जातो. आणखीहि एक भेद आहे. धूळपाटीवर मूल जें लिही तेंच उमटे. ती स्वतः होऊन कांहीं लिहीत नसे. ही नवी पाटी मुलाला मध्येंच हांक मारते आणि एका गोष्टीवरून दुसरीकडे ओढून नेते. 'असर'च्या २०२४ च्या पाहणींत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांविषयीं जें आढळलें तें बोलकें आहे. यंत्र वापरतां येणाऱ्यांपैकीं शेंकडा ५७ मुलांनीं आदल्या आठवड्यांत त्यावर अभ्यासाचें कांहीं केलें होतें, आणि समाजमाध्यमांसाठीं तें वापरणारीं मुलें होतीं शेंकडा ७६.

इतर देशांनीं हा विचार निरनिराळ्या रीतीनें केला. फ्रान्सनें २०१८ सालीं कायदा करून सुमारें पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेंत मोबाईल वापरण्यास बंदी केली. युनेस्कोनें २०२३ सालीं शिक्षणांतील यंत्रांविषयीं अहवाल प्रसिद्ध केला; त्या वेळीं चारांपैकीं एकाहि देशानें पुरतेपणीं शाळेंत अशी बंदी केली नव्हती, परंतु अहवालाचा सूर यंत्राच्या भक्तांना थंड करणारा होता.

सांगली जिल्ह्यानें मात्र याहून निराळा मार्ग काढला, आणि तो कोणा तज्ज्ञानें नव्हे, गांवानें काढला. कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचे वडगांव हें सुमारें तीन हजार वस्तीचें, उसाचें गांव. शाळा उघडल्यावरहि मुलें यंत्र सोडीत नाहींत, अभ्यासाला बसत नाहींत, आणि मोठीं माणसेंहि दूरचित्रवाणीपुढून उठत नाहींत, असा अनुभव तेथें आला. सरपंच विजय मोहिते यांनीं ही गोष्ट लोकांपुढें मांडली. १४ ऑगस्ट २०२२ रोजीं स्त्रियांची ग्रामसभा भरली आणि तींत निर्णय झाला. देवळावर भोंगा बसविण्यांत आला. सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजे. त्याबरोबर घरोघरीं दूरचित्रवाणी व मोबाईल बंद करावयाचे आणि दीड तास मुलांनीं वाचन-लेखनाला बसावयाचें. प्रथम लोक हंसले. मग आशा सेविका, अंगणवाडीच्या सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि सेवानिवृत्त शिक्षक दारोदार फिरले, आणि नियम मुलांपुरता नाहीं, मोठ्यांनाहि आहे, हें त्यांनीं समजावून सांगितलें. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. बाप ओसरीवर यंत्र पाहत बसला आहे आणि मूल आंत पाढे म्हणतें आहे, असें कोणत्याहि घरीं फार दिवस चालत नाहीं. पुढें जिल्ह्यांतील अग्रण धुळगांवानेंहि हीच वाट धरली, आणि तें पाहून २०२४ सालीं बेळगांवजवळच्या हलगा गांवानें.

या गांवांनीं मोबाईलला शत्रु मानलेलें नाहीं. ज्या घरांत स्वाध्यायाचे प्रश्न त्यावर येत होते त्याच घरांत तो दीड तास निजवून ठेवावयाचा होता. वडगांवीं साडेआठला भोंगा दुसऱ्यांदा वाजे, तेव्हां ज्याला हवें त्याला यंत्र पुन्हां मोकळें होई.